थरथर पायातून की हवेतून?

शाळेच्या प्रयोगशाळेत नादकाटा असायचा. रबरी ठोकळ्यावर आपटून तो हवेत धरला, तर कानाजवळ आणेपर्यंत त्याचा आवाज जेमतेम ऐकू येई. त्याचा दांडा टेबलावर टेकवला की मागच्या बाकापर्यंत आवाज पोहोचे. टेकवल्याने काट्यात जास्तीची शक्ती येत नाही. त्याच्या अरुंद भुजांना फारशी हवा हलवता येत नाही, टेबलाच्या रुंद फळीला येते. काटा फळीला हलवतो, फळी हवेला. ही जास्तीची हमाली करावी लागल्यामुळे टेकवलेला काटा हवेत धरलेल्या काट्यापेक्षा लवकर शांतही होतो.

घरातल्या स्पीकरबाबत हाच प्रयोग रोज चालू असतो. टीव्ही युनिटवर, शोकेसच्या मधल्या कप्प्यात किंवा अभ्यासाच्या टेबलावर ठेवलेला स्पीकर स्वतः वाजतो आणि ज्यावर ठेवला आहे त्यालाही वाजवतो. मग बातम्या देणाऱ्याचा आवाज जाडसर, घुमल्यासारखा येतो, डग्ग्याचे बोल एकमेकांत मिसळतात आणि एखाद्या ठरावीक सुराला शोकेसची काच किणकिणते. बहुतेक घरांत याचा दोष स्पीकरवर ढकलला जातो आणि नवा स्पीकर येतो. तोही त्याच फळीवर ठेवला जातो.

बाजारात उपाय भरपूर आहेत. टोकदार धातूचे पाय, रबराच्या चकत्या, फोमचे उतरते ठोकळे, स्प्रिंगचे पाय, ग्रॅनाइटच्या पाट्या. किमती शंभर-दोनशे रुपयांपासून थेट चांगल्या स्पीकरच्या किमतीपर्यंत. त्यांच्याविषयी जो सल्ला दिला जातो, तो बराचसा इंग्लंड-अमेरिकेतून आलेला आहे आणि तिथल्या कित्येक घरांची जमीन लाकडी तुळयांवर फळ्या ठोकून केलेली असते. आपल्या फ्लॅटमध्ये पायाखाली चार-पाच इंचांचा काँक्रीटचा स्लॅब आणि त्यावर फरशी. लाकडी जमिनीसाठीचा सल्ला इथे जसाच्या तसा उचलला, तर पैसे जातात आणि थरथर राहते. म्हणून पाय विकत घेण्याआधी एका प्रश्नाचे उत्तर शोधावे: नको असलेली थरथर स्पीकरच्या पायातून जाते आहे की हवेतून? दोन्ही वाटांचे उपाय वेगळे आहेत आणि एकीचा उपाय दुसरीला लागू पडत नाही.

आधी पायांची वाट पाहू. वूफरचा, म्हणजे स्पीकरमधल्या खालचे स्वर वाजवणाऱ्या भागाचा, शंकू पुढे ढकलला जातो तेव्हा न्यूटनच्या तिसऱ्या नियमाप्रमाणे पेटी मागे ढकलली जाते. शंकू हलका, पेटी जड, म्हणून पेटीची हालचाल फार थोडी. समजा, शंकूचे वजन १५ ग्रॅम आणि पेटीचे साडेसात किलो. प्रमाण झाले पाचशेला एक. शंकू ५ मिलिमीटर हलला तर पेटी हलते एका मिलिमीटरच्या शंभराव्या भागाइतकी. ही हालचाल डोळ्यांना दिसणार नाही, पण बोटांना कळते. वाजत्या स्पीकरच्या डोक्यावर तळवा ठेवून पाहा.

एवढ्याशा हालचालीने काय बिघडणार, असे वाटेल. इथे नादकाट्याचे टेबल मध्ये येते. साडेसहा इंची वूफरच्या शंकूपेक्षा पाच फूट लांब आणि दीड फूट रुंद टीव्ही युनिटची वरची फळी क्षेत्रफळाने जवळपास ५० पट मोठी असते. हालचाल पाचशेपट कमी आणि क्षेत्रफळ पन्नासपट जास्त, म्हणजे ढोबळ हिशेबाने फळी शंकूच्या एक दशांश हवा हलवते. हे झाले फळी निमूटपणे पेटीबरोबर हलली तर. प्रत्यक्षात प्रत्येक फळीला तिचा स्वतःचा असा एक सूर असतो. त्या सुराचा स्वर स्पीकरमधून आला की फळीची हालचाल कितीतरी पटींनी वाढते आणि गाण्यातला स्वर थांबल्यावरही ती क्षणभर गात राहते. आतून पोकळ असलेल्या लाकडी युनिटांचे हे सूर बरेचदा १०० ते ३०० हर्ट्झच्या पट्ट्यात पडतात. पुरुषाच्या बोलण्याचा आणि गाण्याचा गाभाही नेमका याच पट्ट्यात असतो. काळी एकमध्ये गाणाऱ्याचा मध्य षड्ज सुमारे १३९ हर्ट्झचा. तो लागला की युनिट खूश होऊन साथीला उभे राहते आणि त्याच्या शेजारचा ऋषभ मात्र बापडा एकटाच ऐकू येतो. सगळे स्वर सारखेच वाढले असते तर आवाज कमी करून भागले असते. खरा त्रास हा की काही निवडक स्वर वाढतात.

पेटीच्या भिंतीही अशाच गातात. बीबीसीच्या संशोधन विभागातल्या हार्वुड आणि मॅथ्यूज यांनी १९७७ साली स्पीकरच्या पेट्यांवर एक अहवाल लिहिला. सर्वसाधारण समजूत अशी की पेटी जितकी जाड आणि कडक तितकी चांगली. बीबीसीची रीत वेगळी होती: प्लायवूड तुलनेने पातळ घ्यायचे आणि त्याला आतून डांबरी, जड थर चिकटवायचे, म्हणजे भिंतीचा सूर खाली जातो आणि पटकन मरतोही. त्यांचा एलएस३/५ए हा छोटा स्पीकर याच रीतीने, १२ मिलिमीटर बर्च प्लायमध्ये बनला. बाहेरच्या कार्यक्रमांचे ध्वनिमुद्रण करणाऱ्या गाड्यांमध्ये बसावा म्हणून तो तयार केला होता. पुढे तो लोकांच्या दिवाणखान्यांत गेला आणि आजही त्याच्या नकला निघतात. हल्ली काही उत्पादक मुळावरच घाव घालतात. केफच्या ब्लेड स्पीकरमध्ये किंवा सोनोसच्या सबमध्ये वूफर पाठीला पाठ किंवा तोंडाला तोंड लावून बसवलेले असतात. एक उजवीकडे ढकलतो तेव्हा दुसरा डावीकडे, आणि पेटीवरची प्रतिक्रिया आपापसात कटून जाते. असा स्पीकर घरात असेल तर पायांचा खर्च वाचला असे समजावे.

नसेल तर चाचणी करावी. कुठल्याही फोनवर हर्ट्झ निवडून एकच स्वर वाजवणारे ॲप मिळते. ३० हर्ट्झपासून २५० हर्ट्झपर्यंत सावकाश चढत जा. ज्या आकड्याला काहीतरी जास्त घुमते किंवा खडखडते, तिथे थांबा. तो स्वर चालू ठेवून दोघांनी स्पीकर फळीपासून दोन बोटे वर उचलून धरा. घुमणे थांबले तर थरथर पायातून जात होती. तसेच चालू राहिले तर ती हवेतून जाते आहे आणि जगातले कुठलेही महागडे पाय तुमच्या कामाचे नाहीत. स्पीकर जड असेल तर खाली जाड दुलईची घडी घालून पाहिले तरी चालते. बहुतेक घरांत टेबलावरच्या आणि युनिटवरच्या स्पीकरबाबत पहिले उत्तर येते. जमिनीवर उभ्या असलेल्या उंच स्पीकरबाबत, आणि काँक्रीटच्या घरांत तर फारच वेळा, दुसरे.

पहिले उत्तर आले असेल तर स्पीकर आणि फळी यांच्यात काहीतरी मऊ घालायचे, एवढे सगळ्यांनाच सुचते. पण किती मऊ, हे फार थोडे जण विचारतात, आणि सगळा खेळ तिथेच आहे. स्पीकर मऊ वस्तूवर ठेवला की तो स्प्रिंगवर ठेवलेले वजन होतो आणि त्या जोडीला स्वतःची एक लय येते. घरातला झोपाळा आठवा. त्याच्या लयीत हलकेच ढकलत राहिलात तर तो मोठमोठे झोके घेतो. त्याच लयीवर न थांबता हात भराभर पुढेमागे करत राहिलात तर झोपाळा जागच्या जागी जेमतेम थरथरतो. वजन आणि स्प्रिंग यांची जोडीही अशीच वागते. तिच्या लयीहून बऱ्याच वेगाने येणारे धक्के ती खाली पोहोचू देत नाही. लयीच्या आसपासचे धक्के मात्र ती कमी करण्याऐवजी वाढवून देते.

ही लय मोजायला प्रयोगशाळा लागत नाही. स्पीकर ठेवल्यावर खालची मऊ वस्तू किती दबली, ते पाहायचे. १ मिलिमीटर दबली तर लय सुमारे १६ हर्ट्झ, ४ मिलिमीटर दबली तर ८ हर्ट्झ. आणि केवळ एक दशांश मिलिमीटर दबली तर? ५० हर्ट्झ. म्हणजे नेमका तो पट्टा, जिथे वूफर सगळ्यात जास्त हलतो. वॉशिंग मशिनसाठी मिळणाऱ्या टणक रबरी चकत्या चार किलोच्या स्पीकरखाली घातल्या तर जवळपास हेच होते. त्या चकत्या साठ-सत्तर किलोच्या यंत्रासाठी बनवलेल्या असतात, चार किलोंना त्या दाद देत नाहीत. उपाय केल्याचे समाधान मिळते आणि डग्गा आधीपेक्षा जास्त घुमतो.

आकडे आणखी थोडे पुढे नेऊ. धक्का जोडीच्या लयीपेक्षा सुमारे १.४ पट वेगाचा झाला की सुटका सुरू होते. दुप्पट झाला की एक तृतीयांश पोहोचतो, तिप्पट झाला की एक अष्टमांश, चौपट झाला की पंधरावा हिस्सा. म्हणजे मऊ पाय २ मिलिमीटर दबत असतील तर लय ११ हर्ट्झच्या जवळ येते आणि ४५ हर्ट्झला फळीपर्यंत पंधराव्या हिश्शाइतकाच धक्का जातो. हे हिशेब आदर्श स्प्रिंगचे आहेत. रबर आणि फोम हलताना थोडे जास्त कडक वागतात, त्यामुळे प्रत्यक्षातली लय याहून थोडी वर जाते. तरी दीड-दोन मिलिमीटर दबणारा पाय शोधायचा, हा अंदाज घरगुती कामाला पुरेसा आहे. म्हणूनच चांगले उत्पादक आपल्या पायांबरोबर वजनाचा तक्ता देतात. सॉर्बोथेन नावाच्या मऊ पॉलियुरेथेनच्या अर्धगोल चकत्या मिळतात, त्यांनाही हेच लागू. ठरलेल्यापेक्षा वजन कमी पडले तर त्या दबत नाहीत, जास्त झाले तर चपट्या होऊन बसतात. दोन्ही वेळा पैसे वाया.

घरगुती जुगाडही चालतात आणि काही तर विकतच्या मालाइतके चालतात. यातला मला सगळ्यात भरवशाचा वाटतो तो कडप्प्याचा. स्वयंपाकघराचा ओटा करणाऱ्याकडे कडप्प्याचे उरलेले तुकडे पडलेले असतात. एक फूट लांब-रुंद आणि पाऊण इंच जाड तुकडा साडेचार किलोंच्या पुढेमागे भरतो. तो मऊ पायांवर ठेवायचा आणि त्यावर स्पीकर. वजन वाढल्यामुळे लय आणखी खाली येते, आणि पेटीला मागे ढकलणाऱ्या धक्क्याला आता पेटीबरोबर दगडही हलवावा लागतो. त्यासाठी कडप्पा आणि स्पीकर यांची घट्ट जोड हवी, मध्ये ब्लू-टॅकसारख्या चिकट मातीच्या चार गोळ्या पुरतात. खाली पाय म्हणून स्क्वॉशचे चेंडू किंवा टेनिसचे अर्धे कापलेले चेंडू चालतात. गादीचा स्पंज मात्र टाळावा. पहिल्या आठवड्यात तो छान काम करतो, काही महिन्यांत बसतो आणि मग ती नुसती पिवळी पडलेली गठडी उरते. मुंबई-कोकणच्या दमट हवेत तर फारच लवकर.

मऊ पायांचा एक धोका सांगायलाच हवा. उंच, अरुंद स्पीकर फार मऊ पायांवर डुलतो. घरात रांगते मूल असेल तर उंच स्पीकरखाली चेंडू घालण्याचा विचारही करू नये. स्टँडवरच्या स्पीकरसाठी जड तळाचे स्टँड घेऊन, नळी पोकळ असेल तर तिच्यात कोरडी वाळू भरणे हा जुना आणि सुरक्षित उपाय आहे. वाळूचे कण एकमेकांवर घासून थरथर खातात, आणि वजनामुळे स्टँड सहजी कलंडत नाही.

आता त्या टोकदार पायांविषयी, ज्यांना स्पाइक म्हणतात. दुकानदार सांगतो की स्पाइक कंपने खाली जाऊ देतो पण वर येऊ देत नाही. असा एकमार्गी धातू अजून कोणी बनवलेला नाही. स्पाइक हा कडक सांधा आहे. त्यातून थरथर जाते, दोन्ही दिशांनी जाते आणि चांगली जाते. मग ते आले कशासाठी? जाड गालिचावर ठेवलेली पेटी डुगडुगते. स्पाइक गालिचाची लव भेदून खालच्या टणक जमिनीला टेकतात आणि पेटी स्थिर होते. जिथे भिंतीपासून भिंतीपर्यंत गालिचा असतो तिथे हा शहाणपणा आहे. आपल्या घरी व्हिट्रिफाइड टाइल असते. तिच्यावर वीस किलोंचा स्पीकर चार टोकांवर उभा केला तर प्रत्येक मिलिमीटरभर टोकाखाली दर चौरस सेंटिमीटरला सहाशे किलोंहून जास्त दाब येतो. टाइलवर ओरखडा नक्की, कधी टवकाही उडतो. म्हणून लोक स्पाइकखाली एक रुपयाचे नाणे ठेवतात. आधी टोक विकत घ्यायचे आणि मग ते बोथट करायला नाणे लावायचे, यापेक्षा साधे सपाट पाय काय वाईट? फरशी किंचित उंचसखल असेल आणि स्पीकर तीनच पायांवर उभा राहत असेल, तर स्पाइकचा आटा फिरवून तो चारही पायांवर आणता येतो. आपल्याकडे स्पाइकचा खरा उपयोग एवढाच.

मात्र सगळीच मराठी घरे काँक्रीटची नाहीत. पुण्या-साताऱ्याच्या जुन्या वाड्यांत, कोकणातल्या माडीवर आजही तुळयांवरची लाकडी जमीन आहे. कोणी जरा जोरात चालले की फडताळातली भांडी वाजतात, ती त्या जमिनीच्या स्वतःच्या लयीमुळे. तिथे विलायती सल्ला बराचसा लागू पडतो. जमिनीवर उभ्या असलेल्या स्पीकरखालीही दगड आणि मऊ पाय ही जोडी घालावी. शिवाय तुळया जिथे भिंतीत शिरतात तिथे जमीन सगळ्यात कडक असते, म्हणून खोलीच्या मध्यापेक्षा भिंतीच्या बाजूला स्पीकर ठेवल्यावर जमीन कमी हलते.

ग्रामोफोन तबकड्यांचे शौकीन पुन्हा वाढू लागले आहेत, त्यांच्यासाठी दोन ओळी. तबकडीची सुई ही थरथर टिपण्यासाठीच बनवलेली असते. स्पीकर आणि टर्नटेबल एकाच युनिटवर असतील तर स्पीकरची थरथर सुईत शिरते, वाढून पुन्हा स्पीकरमधून बाहेर येते आणि आवाज वाढवताच हुंकार सुरू होतो. एडगर विल्चर यांनी १९६१ साली एआर कंपनीच्या टर्नटेबलला आतल्या आत स्प्रिंगवर टांगले ते याचसाठी. स्प्रिंग नसलेले टर्नटेबल असेल तर ते विटांच्या किंवा काँक्रीटच्या भिंतीत खिळवलेल्या वेगळ्या फळीवर ठेवावे. इथे आपली जाड भिंत कुठल्याही परदेशी स्टँडपेक्षा सरस आहे.

चाचणीत थरथर हवेतून जाते असे निघाले असेल, तर पहिले काम स्पीकरपासून दूर जाण्याचे. तो ठरावीक स्वर चालू ठेवा आणि खोलीत हात लावत फिरा. शोकेसच्या सरकत्या काचा, ॲल्युमिनियमच्या खिडकीची सैल पट्टी, माळ्याचे दार, पडद्याच्या दांडीवरच्या कड्या, भिंतीवरच्या तसबिरी, ट्यूबलाइटचे पत्र्याचे आवरण, लोखंडी कपाटावर ठेवलेली सुटकेस. हात ठेवताच खडखड थांबली की चोर सापडला. नमद्याचा तुकडा, खिडकीच्या खाचेत बसणारी रबरी पट्टी, तसबिरीच्या मागे दोन चिकट बटणे. खर्च शंभर रुपयांच्या आत. या कामात गंमत अशी की एक खडखड मिटवली की तिच्याखाली दबलेली दुसरी ऐकू येऊ लागते, आणि घरच्यांना वाटते आपण नवीच भानगड उभी केली.

खडखड मिटूनही घुमणे राहिले, तर ते खोलीचे आहे. ध्वनी सेकंदाला सुमारे ३४५ मीटर जातो. दोन समोरासमोरच्या भिंतींमध्ये ज्या स्वराची अर्धी तरंगलांबी नेमकी बसते, तो स्वर त्या दोन भिंतींत येरझाऱ्या घालत फुगतो. दहा फुटांच्या अंतराला हा स्वर ५६-५७ हर्ट्झचा येतो, आठ फुटांना ७० हर्ट्झच्या आसपास. काळी एकचा खर्ज षड्ज आहे सुमारे ६९ हर्ट्झ. आठ फूट रुंदीच्या खोलीत त्या पट्टीत जुळवलेल्या तानपुऱ्याचे मुद्रण लावले की चौथी तार इतर तारांना का गिळून टाकते, ते यातून कळते. दहा बाय दहाची, दहा फूट उंचीची खोली याबाबत सगळ्यात वाईट, कारण तिन्ही दिशांचा फुगणारा स्वर एकच. असे फुगलेले स्वर भिंतीलगत आणि कोपऱ्यांत सगळ्यात मोठे ऐकू येतात. स्पीकर कोपऱ्यात कोंबला किंवा आपली बैठक मागच्या भिंतीला चिकटवली, की आपण ते ओढवूनच घेतो. सोफा हातभर पुढे घेतला तरी फरक पडतो.

काही जण भिंतीला अंड्यांचे ट्रे चिकटवतात. ५६ हर्ट्झच्या स्वराची तरंगलांबी सहा मीटरांहून जास्त असते. बोटभर खोल पुठ्ठ्याला तिचा पत्ताही लागत नाही. इंचभर फोमची गतही फार वेगळी नाही, तो फक्त झांजेसारखे उंच स्वर खातो आणि खोली आणखी खर्जाळ करून ठेवतो. त्यापेक्षा कोपऱ्यात रचलेली कापसाच्या गाद्यांची चवड जास्त उपयोगी.

मग स्पीकर भिंतीपासून किती दूर ठेवावा? रॉय ॲलिसन यांनी १९७४ साली अमेरिकेतल्या ऑडिओ इंजिनिअरिंग सोसायटीच्या नियतकालिकात याच विषयावर एक लेख प्रसिद्ध केला आणि त्यातले गणित आजही तसेच वापरतात. वूफरचा खालचा आवाज चहूकडे पसरतो. मागे गेलेला आवाज भिंतीवरून परततो आणि पुढच्या आवाजात मिसळतो. वूफर भिंतीपासून १ मीटरवर असेल तर ८६ हर्ट्झच्या आसपास ही दोन आवर्तने नेमकी उलट येतात आणि एकमेकांना खातात, म्हणजे तिथे खड्डा पडतो. त्याहून खालच्या स्वरांना भिंत उलट उचलून धरते, सिद्धांताप्रमाणे एकेका पृष्ठभागामागे ६ डेसिबलपर्यंत. वूफर जमिनीपासून, मागच्या भिंतीपासून आणि बाजूच्या भिंतीपासून सारख्याच अंतरावर असेल तर तिन्ही खड्डे एकाच जागी पडून मोठा खड्डा होतो, म्हणून ही तिन्ही अंतरे वेगवेगळी ठेवावीत.

परदेशी सल्ला असा की स्पीकर खोलीत चांगला पुढे ओढावा. वाईट नाही, पण खड्डा ४३ हर्ट्झपर्यंत खाली न्यायचा तर तो २ मीटर पुढे आणावा लागेल. दहा बाय पंधराच्या हॉलमध्ये त्याच्याभोवती प्रदक्षिणा घालत स्वयंपाकघरात जावे लागेल. मधले अंतर, दोन-तीन फुटांचे, हे दोन्हीकडून तोट्याचे. माझे मत असे की आपल्या हॉलमध्ये स्पीकर भिंतीजवळच ठेवावा, पेटीमागे चार-सहा बोटांची फट ठेवून. वूफरचे तोंड भिंतीपासून फूटभर अंतरावर आले की खड्डा २८०-२९० हर्ट्झच्या घरात जातो. तिथे स्पीकरचा आवाज बऱ्याच अंशी पुढेच जात असल्याने तो खड्डा उथळ राहतो. खर्ज वाढेल, तो ॲम्प्लिफायरच्या बासच्या बटणाने उतरवावा. पेटीच्या मागे हवेचे भोक असेल तर त्यात फोमची गुंडाळी घालावी. काही कंपन्या ती पेटीबरोबर देतात, नसेल तर धुतलेला मोजाही चालतो.

सबवूफरसाठी एक विनोदी पण अचूक युक्ती आहे. सबवूफर उचलून आपल्या नेहमीच्या बैठकीवर, सोफ्यावर ठेवायचा, खर्जाचे ओळखीचे गाणे लावायचे आणि आपण भिंतींच्या कडेकडेने रांगत फिरायचे. जिथे खर्ज सगळ्यात स्वच्छ आणि एकसारखा ऐकू येतो, ती सबवूफरची जागा. बोलणारा आणि ऐकणारा यांनी जागा बदलल्या तरी खोली दोघांमधला आवाज तसाच पोहोचवते, म्हणून हे जमते.

पायांबाबत एक राहिले. रबर आणि सिलिकॉन लाकडाच्या पॉलिशला कधीकधी सोसत नाहीत. ॲपलचा होमपॉड २०१८ साली बाजारात आला तेव्हा त्याच्या सिलिकॉनच्या तळाने तेल किंवा मेण लावलेल्या लाकडी टेबलांवर पांढऱ्या गोल खुणा उमटवल्या. तो तळ थरथर कमी करण्यासाठीच होता. सागवानी युनिटवर रबरी पाय ठेवणार असाल तर मध्ये काचेचा किंवा कडप्प्याचा तुकडा असू द्या.

आणि शेवटी खालच्या मजल्यावरचे. भिंत किंवा स्लॅब किती आवाज अडवतो ते त्याच्या वजनावर आणि स्वराच्या उंचीवर अवलंबून असते. स्वर निम्म्यावर आला की अडवणूक सुमारे ६ डेसिबलने घटते. म्हणून गाण्याचे शब्द तुमच्याच घरी राहतात आणि खालच्यांना नुसते धप्-धप् मिळते. मऊ पाय स्लॅबमध्ये थेट उतरणारा धक्का कमी करतात, हवेतून गेलेला खर्ज कमी करत नाहीत. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांप्रमाणे निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री १० ते सकाळी ६ या वेळात ४५ डेसिबलची मर्यादा आहे. पण ती मोजताना माणसाच्या कानाला खालचे स्वर कमी ऐकू येतात हे धरून आकडा उतरवतात. ५० हर्ट्झला ही सूट तब्बल ३० डेसिबलची आहे. तुमच्या फोनवरचे मोजमाप समाधानकारक आकडा दाखवत असताना खालच्या घरातले म्हातारे आजोबा उशीखाली कान घालून पडलेले असू शकतात. तेव्हा सगळी मांडामांड झाली की नेहमीच्या आवाजात गाणे चालू ठेवा, खालच्या घरची बेल वाजवा आणि पाच मिनिटे त्यांच्या बैठकीत बसून या.